उटणं घरचं, पण डब्यात काय?

(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं आम्हाला विषय दिला तो 'घरच्या घरी नैसर्गिक सौंदर्यप्रसाधने' असा. आम्ही म्हणजे दिवाळीच्या आधी एकत्र बसून उटणं, शिकेकाई आणि केसांचं तेल करणाऱ्या आठ-दहा जणी. आमच्यात शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली एक मुलगी आहे, दोघी निपाणीच्या माहेरवाशिणी आहेत आणि एक खानापूरकडची आहे. बोलणार एक, पण मजकूर सगळ्यांनी बसून ठरवला आहे. त्यामुळे कुठं काही खटकलं तर सगळ्यांनाच विचारा.

गणपतीचे दिवस आहेत, तेव्हा सुरुवात पत्रीपासूनच करू. चतुर्थीला आपण एकवीस प्रकारची पत्री वाहतो. निदान वाहायची असते. हल्ली बाजारात दहा रुपयांना जो जुडगा मिळतो त्यात एकवीस सोडा, सहा-सात प्रकार निघाले तरी नशीब. पण पूर्ण यादी समोर ठेवून पाहा. त्यात माका आहे, तो केसांच्या तेलात घालतात. तुळस आहे, डाळिंब आहे, मरवा, जाई, केवडा आहे. म्हणजे न्हाणीघरातली निम्मी झाडं देवापुढं आहेत. आणि त्याच यादीत धोत्रा, कण्हेर आणि रुईसुद्धा आहे. धोत्रा आणि कण्हेर पोटात गेली तर माणूस दगावतो. रुईचा चीक कातडीला पोळतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. सगळी झाडंच, सगळी नैसर्गिकच, आणि सगळी देवाला चालणारी.

म्हणून 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य आम्ही आमच्या बैठकीत बंद केलं आहे. घरी करण्याचा फायदा आमच्या मते एकच आहे: डब्यात काय गेलं ते आपल्याला ठाऊक असतं. पण तो फायदा मिळतो कधी? आपण दुकानातून जे आणलं ते तेच आहे, हे ओळखता आलं तर. एरवी नुसतं कुटण्या-चाळण्याचे कष्ट आपले आणि पुडीतला माल कुणाचा तरी.

आता ही ओळखण्याची गोष्ट आपल्या भागात जरा निराळी आहे, कारण आपल्याकडं प्रत्येक वस्तूला दोन नावं. गणपत गल्लीत, खडेबाजारात किंवा रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात उभं राहिलं की शेजारची बाई अंटवाळ मागते आणि आपण रिठे मागतो. दुकानदार एकाच पोत्यात हात घालतो. हळद म्हणजे अरिशिण, आवळा म्हणजे नेल्लीकाई, वाळा म्हणजे लावंच, जास्वंद म्हणजे दासवाळ, कोरफड म्हणजे लोळेसर. आपल्यातल्या बहुतेकींना ही नावं कानावरून माहीत असतातच. शिकेकाईचं तर विचारूच नका. कन्नडमध्ये 'सीगे' हे झाडाचं नाव आणि 'कायी' म्हणजे फळ किंवा शेंग. पुण्या-मुंबईच्या बायकाही रविवारी न्हाताना जो शब्द वापरतात, तो असा आपल्या या बाजूनं वर गेलेला आहे. खानापूर-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात तिचे काटेरी वेल आहेत, त्यामुळं नाव आणि माल दोन्ही जवळचेच म्हणायचे.

दोन नावं असणं हा आम्हाला आधी घोळ वाटायचा. हळूहळू लक्षात आलं की तपासायला ह्याच्यासारखं दुसरं साधन नाही. ब्राह्मीचंच घ्या. मराठीत ब्राह्मी म्हटलं की दोन वेगळी झाडं पुढं येतात. एक पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. तिला नीरब्राह्मीही म्हणतात. दुसरी मंडूकपर्णी, जिचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. काष्ठौषधीवाला 'ब्राह्मी' म्हणून दोन्हींपैकी काहीही देतो, आणि वाळलेला चुरा असेल तर कुणालाच कळत नाही. कन्नडमध्ये मंडूकपर्णीला 'ओंदेलग' म्हणतात, म्हणजे 'एकच पान', कारण एका देठावर एकच पान येतं. शेजारणीला 'ओंदेलग दाखव' म्हटलं की ती परसातलं नेमकं गोल पान खुडून आणते, आणि जमलं तर त्याची चटणीही खायला घालते. तिथं गोंधळाला जागा नाही. उलटंही होतं. कन्नडमध्ये मेंदीला गोरंटी म्हणतात आणि आपल्याकडं कोरांटी म्हणजे देवाला वाहायचं फूल. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलींची इथं हमखास फसगत होते. तेव्हा दुकानात जाताना दोन्ही नावं कागदावर लिहून न्या आणि शक्यतो वस्तू अख्खी घ्या. अख्खी शेंग, अख्खा कंद, अख्खी मुळी. पूड झाली की ओळख गेली.

हळदीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या रायबाग-चिकोडीकडची हळदही त्याच बाजारात जाते. म्हणजे हळदीच्या पेठेच्या दारातच आपण राहतो. तरीही रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार आपल्या देशात आणि बांगलादेशात उघड झालेले आहेत. लेड म्हणजे शिसं. ते भाजीतूनही नको आणि अंगालाही नको, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. भेसळखोर हळकुंडालाही वरून तो रंग चोळतात, म्हणून हळकुंड मोडून बघा. आतला रंग आणि बाहेरचा झगझगीत पिवळा यांत फार फरक दिसला तर ते घेऊ नका. पूड असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून हलवू नका, नुसती ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गर्द पिवळं झालं तर संशय घ्यावा. ही चाचणी घरगुती आहे, प्रयोगशाळेची नव्हे, पण संशय घ्यायला पुरेशी आहे.

चंदनाचं थोडक्यात सांगतो. आपण चंदनाच्या राज्यात राहतो. पहिल्या महायुद्धात लाकूड युरोपला जाईना, म्हणून म्हैसूर संस्थानानं स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना काढला आणि त्यातून पुढं तो प्रसिद्ध साबण आला. इतकी किंमत असलेलं लाकूड शंभर रुपयांत पाव किलो पूड होऊन येत नाही. तशी पुडी मिळाली तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी लाकडाचा भुसा असतो, वरून वास लावलेला. घरात सहाण आणि खोड असेल तर रोज दोन थेंब पाण्यात उगाळा. नसेल तर उटण्यात चंदन घालूच नका, काही बिघडत नाही.

आता उटणं. प्रत्येक घरी प्रमाण वेगळं असतं आणि प्रत्येकीला आपल्या आईचंच खरं वाटतं. आमचं प्रमाण सांगतो, भांडायला नंतर या. मसुरीच्या डाळीचं पीठ अर्धा किलो. मुलतानी माती शंभर ग्रॅम, त्याहून जास्त नको, कारण ती कातडी कोरडी करते आणि दिवाळीत आपल्याकडं आधीच थंडी पडायला लागलेली असते. नागरमोथा, वाळा, कचोरा आणि गव्हला प्रत्येकी पन्नास ग्रॅम. वाळलेल्या गुलाबपाकळ्या पन्नास ग्रॅम. संत्र्याच्या सालीची पूड पन्नास ग्रॅम. आंबेहळद पंचवीस ग्रॅम. आंबेहळद म्हणूनही बाजारात एकाहून जास्त कंद खपतात, तेव्हा फोडून वास घ्या. कैरीसारखा वास आला की आपलं काम झालं.

नागरमोथ्याची एक गंमत आहे. ते लव्हाळ्याच्या जातीचंच गवत. शेतकरी ज्याला जन्मभर उपटतो आणि शिव्या देतो, त्याचाच कंद धुऊन वाळवून आपण तोळ्यावर घेतो. शेत असेल तर विकत घ्यायची गरज नाही. पण तणनाशक मारलेल्या शेतातला घेऊ नका.

वाळ्याचे तंतू मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात, म्हणून कात्रीनं अर्ध्या बोटाएवढे तुकडे करून, उन्हात कडक करून मगच दळा. सगळं दळून झालं की चाळण पुरत नाही. वस्त्रगाळ करायचं, म्हणजे जुन्या धुतलेल्या मलमलीतून. ह्या एका कामाला सगळ्या जणी कंटाळतात आणि म्हणूनच बाजारच्या बऱ्याच उटण्यांत ते केलेलं नसतं. जाडसर मुळ्यांचे कण चेहऱ्यावर घासले की बारीक ओरखडे पडतात. त्यालाच मग काही जणी 'कातडी स्वच्छ झाली, लाल झाली' म्हणतात. उटणं चोळायचं असतं, घासायचं नसतं. आधी तेल, मग दुधात किंवा पाण्यात कालवलेलं उटणं, तेही तेल निघण्यापुरतं. उटण्याचं मूळ काम अंगाचं तेल आणि मळ काढण्याचं. साबण घरोघर येण्याआधी ते काम डाळीच्या पिठानंच होत होतं.

काही ठिकाणी उटण्यात बावची घालायला सांगतात. आमचं स्पष्ट मत आहे की घालू नये. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे येतात. पांढऱ्या डागांच्या उपचारात वैद्य आणि डॉक्टर तिचा उपयोग करतात तो ह्याच गुणामुळं, आणि तो मोजूनमापून करतात. लिंबाचंही तेच. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून टेरेसवर कपडे वाळत घालायला गेलं की दोन दिवसांनी काळे डाग उठतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. लिंबू सरबतात घाला.

तेलाकडं वळतो. इथं आम्ही आयुर्वेदातलं जुनं प्रमाण जसंच्या तसं पाळतो: एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा. म्हणजे पाव लिटर तेलाला साठ ग्रॅम कल्क आणि एक लिटर माक्याचा रस. हे प्रमाण ऐकून लोक दचकतात, कारण रस तेलाच्या चौपट. पण तो सगळा आटवायचा असतो. मंद आचेवर दोन-तीन तास लागतात, कधी जास्त. हल्ली जे चटकन करून दाखवतात, की खोबरेल गरम केलं, त्यात चार पानं टाकली, गाळलं आणि बाटली भरली, त्यात पानांचं पाणी तेलात तसंच राहतं. आठवड्यात वास येतो, पंधरा दिवसांत बुरशी. तेल झालं की नाही हे बघायची खूण जुनी आणि चोख आहे. कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी अजून आत आहे. शांत जळली तर उतरवा. तळाचा कल्क बोटांत घेतला तर त्याची वात वळली पाहिजे. चिकटून राहिला तर कच्चं, करपून कोळसा झाला तर गेलं. हे काम करताना मुलांना स्वयंपाकघरात घेऊ नका आणि फोन बाहेर ठेवा.

पाणी हाच सगळ्याचा शत्रू आहे, हे एकदा समजलं की निम्मा विषय संपतो. कोरडी पूड कोरड्या डब्यात सहा महिने राहते. नीट आटवलेलं तेल वर्षभर राहतं. पण ज्यात पाणी आहे, म्हणजे कालवलेला लेप, कोरफडीचा गर, काकडीचा रस, रिठ्या-शिकेकाईचं पाणी, ते त्याच दिवशी संपवायचं. शीतकपाटात ठेवलं तर फार तर दोन दिवस. कारखान्यातल्या मलमात टिकवण्याची द्रव्यं घातलेली असतात म्हणून ते कपाटात वर्षभर राहतं. आपल्या वाटीतल्या लेपात ती नाहीत. कोरफडीचं पान कापल्यावर उभं ठेवून त्यातला पिवळा चीक पूर्ण गळू द्या, तो खाजरा असतो. आणि रिठ्या-शिकेकाईचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. जुन्या बायका न्हाऊ घालताना मुलांना डोळे गच्च मिटायला लावायच्या, त्याला कारण होतं.

आता निपाणीचं सांगतो. त्याशिवाय ह्या भागात त्वचेवर बोलणं आम्हाला खरं वाटत नाही.

निपाणी म्हणजे तंबाखू, हे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिथल्या वखारींत आणि विडीच्या कामात पिढ्यान् पिढ्या बायकाच आहेत. अनिल अवचटांनी त्यांच्यावर लिहिल्यामुळं पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही त्या कळल्या. आमच्यातल्या दोघींच्या घरी आई-आत्या ह्या कामात होत्या. तंबाखूच्या पानाला एक चिकट राळेसारखा थर असतो. शेतात फुटवे काढताना, पानं खुडताना तो हाताला लागतो आणि हात काळे, चरबट होतात. पाण्यानं तो जात नाही. तो तेलात विरघळतो. म्हणून हातावर आधी कुठलंही खाण्याचं तेल चोळून तो सोडवायचा, फडक्यानं पुसायचा, मग बेसन किंवा शिकेकाई लावून भरपूर पाण्यानं धुवायचं. आमच्या घरांतल्या बायका हेच करत. शास्त्र म्हणून नव्हे, दुसऱ्या कशानं निघत नव्हतं म्हणून.

पण मुद्दा हाताच्या काळेपणाचा नाही. ओल्या पानातली निकोटीन कातडीतून अंगात जाते. दहिवर असताना किंवा पावसात तंबाखूच्या रानात काम केलं की मळमळतं, ओकारी येते, डोकं गरगरतं. इंग्रजी वैद्यकात ह्या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडं 'तंबाखू चढली' म्हणतात. जी बाई आयुष्यात कधी तंबाखू खात नाही तिलाही ती चढते. कातडी ही भिंत नाही, हे निपाणीच्या बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे. आणि जिथं भेगा पडल्या आहेत, चिरा गेल्या आहेत, तिथून तर आणखी आत जातं.

म्हणून आमच्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं विचाराल तर आम्ही उटणं सांगणार नाही. आम्ही भेगांचं मलम सांगू. चोर्ला घाटाच्या खालून, गोव्याकडून आणि कोकणातून आपल्याकडं कोकमतेल येतं. गोव्याकडं त्याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बियांतून काढलेलं, पांढरट, खडूसारखं घट्ट, गोळ्याच्या आकारात मिळतं. अंगाच्या उष्णतेनं हळूहळू विरघळतं. पन्नास ग्रॅम कोकमतेल, शंभर मिलिलिटर तिळाचं तेल, वीस-पंचवीस ग्रॅम मधमाशीचं मेण. एका भांड्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात दुसरं भांडं, आणि त्यात हे तिन्ही वितळवायचं. थेट आचेवर नको. वितळलं की कोरड्या डबीत ओतायचं, बस्स. त्यात पाणी नाही, म्हणून ते टिकतं. मेण मात्र मधमाशीचंच. मेणबत्तीचं मेण वेगळं, ते खनिज तेलापासून येतं. हे मलम काम संपल्यावर, हात साबणानं स्वच्छ धुऊन, रात्री झोपताना लावायचं. कामाला जाताना हाताला लावायचं नाही. पायांच्या टाचांना लावून वर जुने मोजे घातले तर आठवड्यात फरक दिसतो. आमच्या मागच्या बैठकीत केलेल्या डब्यांपैकी जास्तीत जास्त निपाणीला गेल्या आणि रिकाम्या डब्या परत भरायला आल्या.

दहिवरात फुटवे काढायला जाणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, लांब बाह्यांचा सदरा घालावा आणि ओले कपडे लगेच बदलावेत. मलम हा त्यावरचा उपाय नाही.

आता एक नको असलेला विषय. आमच्याकडं उटणं मागायला येणाऱ्या दहा जणींतल्या सात जणी एकच विचारतात: 'ह्यानं उजळपणा येतो का?' येत नाही. उटण्यानं मळ जातो, कातडी मऊ होते, वास छान येतो. रंग आई-बापांकडून येतो. आम्ही हे तोंडावर सांगतो आणि त्यामुळं आमची काही गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. लग्न ठरायच्या वेळेला मुलीच्या तोंडाला काय काय फासलं जातं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आपण वाचली असेल. एका घरातल्या तिघी जणींची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या उजळपणाच्या क्रीममध्ये प्रचंड पारा सापडला. ते क्रीम कुठल्या मोठ्या दुकानातलं नव्हतं, गावातच मिळालेलं होतं. केरळात मलप्पुरमकडंही तशाच रुग्णांचा गट डॉक्टरांनी नोंदवला. आपल्या देशाच्या नियमांत प्रसाधनात नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भाग, एवढाच चालतो. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणायचं, चेहऱ्याला लावायचं; पंधरा दिवस कातडी चकचकीत दिसते, मग पातळ होते, लाल होते, केस उगवतात आणि सोडलं की आणखी भडकते. म्हणून बिनलेबलाच्या डबीवर 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी तिच्यात काय आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर ती घरात आणू नका. विकणारी आपली जवळची असली तरी.

टिकलीचं आणि मेंदीचं एका दमात सांगून घेतो. टिकलीच्या मागच्या गोंदात असलेल्या एका द्रव्यानं कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, जागा बदलून लावत बसू नका. मेंदीचा नैसर्गिक रंग केशरी ते तपकिरी, काळा कधीच नाही. 'काळी मेंदी' म्हणजे केसांच्या कलपातलं रसायन हातावर, आणि त्यानं फोड आलेले आम्ही पाहिले आहेत. तान्ह्या बाळाच्या तळव्याला मेंदी लावू नये; काही बाळांच्या रक्तात एक जन्मजात कमतरता असते आणि त्यांना मेंदीनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. बाळ त्यातलं आहे का नाही हे तळहात बघून कळत नाही.

कोणतीही नवीन वस्तू, घरची असो की दारची, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावा आणि दोन दिवस थांबा. दोन तास नव्हे, दोन दिवस, कारण पुरळ उशिरा उठतं.

काही जणींनी विचारलं की हे विकता येईल का, बचत गटाला चार पैसे मिळतील. येईल, पण विकायला लागलं की १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो, परवाना लागतो, डबीवर घटक आणि तारीख छापावी लागते. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं निपाणीत आणि पलीकडं कागलात एकच. परवाना हे लचांड वाटतं, पण आता अकोल्याची गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच सांगा, तो नको का? आम्ही विकत नाही. सामानाचा खर्च वाटून घेतो आणि आपापला डबा घरी नेतो.

झाडांची ओळख पटवून घ्यायला आपल्याच गावात सोय आहे. नेहरूनगरला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, २००६ पासून. शहापूरला केएलईचं आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या द्रव्यगुण शिकवणाऱ्या मंडळींपुढं आपली पुडी उघडून 'हे नक्की काय आहे' असं विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

आता कामाचं. सध्या पाऊस आहे, काहीही वाळत नाही, तेव्हा गौरीला आणलेली फुलं किंवा पत्री वाळवायच्या फंदात पडू नका. घरात बुरशी होईल. दसऱ्यानंतर ऊन कडक पडतं, तेव्हाच गुलाबपाकळ्या आणि वाळा वाळवू. संत्र्याची साल ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये धुऊन वाळवून ठेवली असेल त्यांनी आणावी. नसेल त्यांच्या वाटणीचं उटणं सालीशिवाय होईल. आवळकाठी, शिकेकाई आणि रिठे एकत्र घेऊ, घाऊक भावात पडतात. दळण कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि गिरणीवाल्याशी बोलणं झालं आहे; मिरची दळायच्या आधी तो आपलं दळून देणार आहे. वस्त्रगाळ करायला निदान पाच-सहा जणी लागतील. मलमासाठी डबी काचेची किंवा स्टीलची, धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेली, झाकणावर नाव लिहून आणा. प्लॅस्टिकच्या आणू नका, गरम मलमानं वाकतात.